दाण्यांच्या सुया

धारवाडच्या कॉलेजात शिकवता शिकवता चाळिशीत मी पीएच.डी.ला बसले. विषय ग्लुटामिक आम्ल. अजिनोमोटो ज्याच्यापासून करतात, ते अमिनो आम्ल. त्याचं गरम द्रावण निवलं की तळाशी आधी छान दाणे बसतात. तसेच पाण्यात राहिले की त्यांच्या सुया होतात. दाण्यांना दाणेच ठेवील अशा एखाद्या पदार्थाची चिमूट मला शोधायची होती. नाना पदार्थ घालून पाहिले. सुया काही ऐकेनात.

खंडेनवमीला आमच्याकडे प्रयोगशाळेचीही पूजा होते. त्या वर्षी आईला बरोबर नेलं होतं. तिनं तराजूला, ओव्हनला कुंकू लावलं आणि मी प्रसाद वाटत असताना माझ्या एका बीकरमध्येही काहीतरी टाकलं. मी कपाळाला हात लावला. "काय घातलंस गं?"

"देवाचं घातलंय. वाईट होत नाही त्यानं."

दसऱ्याची सुट्टी संपवून आले, तर बाकी सगळ्या बीकरांत सुया आणि त्या एकात दाणे! नाचायचीच तेवढी राहिले. दाणे गाळून घेतले, पाणी सवयीनं मोरीत गेलं, आईनं घातलेलं त्यातच. शहाणपण मागाहून आलं. घरी जाऊन आईला विचारलं, तर ती म्हणाली, "मी कधी आले होते तुझ्या कॉलेजात?" तिचं विसरणं आम्ही वयावर ढकलत होतो. त्या दिवशी ढकलता येईना.

मग देव्हारा उपसला. कुंकू, हळद, अंगारा, कापूर, सुभाष रोडवरून आणलेलं अष्टगंध, सगळं घालून झालं. सगळ्यांत सुयाच. मार्गदर्शक म्हणाले, एकदाच घडलेलं प्रबंधात लिहिता येत नाही. बरोबर आहे त्यांचं, तरी राग त्यांचाच आला. दुसऱ्या कुणावर काढणार? जिला ठाऊक होतं, तिलाच ठाऊक नव्हतं.

यंदा खंडेनवमीला आईला पुन्हा नेलं. डोक्यात नसेना, हाताला आठवेल, असा माझा वेडा हिशेब. देवाचं तबक तिच्यापुढे धरलं, शेजारी बीकर ठेवला. तिनं तराजूला कुंकू लावलं, ओव्हनला लावलं. बीकरपाशी आली आणि थांबली. मग त्याच्या तोंडावर तिनं हलकेच तळहात ठेवला.

"यात काही घालू नका हं अक्का," ती मला म्हणाली. "कुणाचं तरी काम चाललंय बघा."