कुंडीची पाणीपाळी

माझ्या मनीप्लांटचा मला गर्व होता, हे आधीच सांगते. जळगावच्या उन्हाळ्यात, कूलरच्या खोलीत, काथ्याच्या काठीवर चढून त्याची पानं ताटलीएवढी झाली होती. कुंडीतली माती दोन बोटं वाळल्याशिवाय मी पाणी घालत नसे. घरात दुसऱ्या कोणी आगाऊपणा करून घातलंच, तर त्याची धडगत नसे.

मग वडील आमच्याकडे राहायला आले. त्यांना आम्ही आबा म्हणतो. असोद्याला त्यांची केळीची बाग होती. अर्धांगाचा झटका आला, उजवा पाय लुळा पडला, शेत बटाईने दिलं आणि मी त्यांना फ्लॅटवर घेऊन आले. डॉक्टरांनी बजावलं होतं की यांना चालतं ठेवा, एकदा अंथरूण धरलं तर पुन्हा उठणार नाहीत. डॉक्टरांचं सांगून झालं, पण आबा उठतील तर ना! मी विनवलं, चिडले, वॉकर आणला. त्यावर त्यांचा टॉवेल वाळायचा.

एका दुपारी गेलेली लाईट आली, कूलर घरघरला आणि आबा आपणहून उठले. भिंत धरत स्वयंपाकघरात गेले, तांब्या भरला आणि पाय ओढत येऊन सगळा मनीप्लांटच्या कुंडीत ओतला. जन्मभर लाईट आली की मोटर सुरू करायची आणि केळीला पाणी द्यायचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. इथे पाणी देण्यासारखं समोर ते एकच झाड होतं. मला इतका आनंद झाला की मी कुंडीकडे पाहिलंच नाही.

त्या उन्हाळ्यात लाईट सारखी जायची. ती आली की आबा उठायचे. पाय सुधारू लागला आणि पानं पिवळी पडू लागली. पिवळं पान दिसलं की आबा म्हणायचे, पाणी कमी पडलं. ते आणखी एक तांब्या ओतायचे.

मी काय नाही केलं? कुंडीला आणखी भोकं पाडली. तांब्या काढून पेला ठेवला, तर चिमणीला पाजायचंय का, असं त्यांनी विचारलं. गॅलरीत जास्वंद आणली, पण मधला उंबरठा त्यांना ओलांडता येईना. चार फांद्या कापून बाटलीत लावल्या. तिच्यात पाणी आहेच, तिला आणखी काय देऊ, म्हणाले. मेथी निवडायला दिली, ती तशीच सुकली.

शेवटी मी तांब्या लपवला. लाईट आली, आबांनी मान वळवली, ओट्यावर तांब्या नाही हे पाहिलं आणि पडून राहिले. संध्याकाळी जेवणही अंथरुणावरच मागितलं. मी मोरीत जाऊन रडले. एका झाडासाठी रडते आहे की बापासाठी, तेही कळेना, आणि त्याचाच राग येत होता. दुसऱ्या दिवशी मी तांब्या मुकाट्याने जागेवर ठेवला. ते ओतायचे, मी बघायची. झाड गेलं तर गेलं, असं मी स्वतःला बजावलं.

ते गेलंच. पानं गळून पडली, खोड काळं पडलं, खोलीत कुजका वास सुटला. मी कुंडी उचलायला वाकले तेव्हा आबा अंथरुणावरूनच म्हणाले, "मले माहीत व्हतं. केयीचा कंद सडला का असाच वास येते."

मी विचारलं, माहीत होतं तर पाणी का घालत राहिलात?

"नाई घातलं असतं तं मी उठलो कायले असतो, बाई?"

मी घाईघाईने म्हटलं, उद्या दुसरं आणते, याच्यापेक्षा मोठं आणते.

"आनू नको. तेबी मराचं माह्या हातून."

मी बरं म्हणाले. तेव्हापासून आबा अंथरुणावर आहेत. मी त्यांना उठा म्हणत नाही, कारण कशासाठी, ते मला सांगता येत नाही.