मावशीने तपासलेला शब्द

माझी मावशी कोर्टात भाषांतरकार होती. निवृत्त झाली, तरी शब्दाचा कीस पाडायची खोड काही गेली नाही. मारामारीचा कागद आला की ती आधी म्हणायची, "नक्की काय झालं ते करून दाखवा." तिच्यापायी कोर्टातल्या दोन शिपायांनी वीस वर्षं एकमेकांच्या कॉलरी धरल्या, आणि बिचारे तरीही जिवलग मित्र राहिले.

तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, गेल्यावर मात्र ती गप्पच झाली. सहा महिन्यांत डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. आम्हाला धास्ती होती ती त्याचीच.

अशात एका दुपारी शेजारची आया आली. हॉस्पिटलात कामाला होती. हातात इंग्रजी नोटीस: वॉर्डात नातेवाइकाशी 'ब्रॉल' केल्याबद्दल तीन दिवसांत खुलासा द्या, नाहीतर कामावरून काढू.

"याचा अर्थ काय हो मावशी?"

"चारचौघांत, आरडाओरडा करत केलेली हाणामारी. कोण कोणाला मारतंय याचा पत्ता नसतो, तशी. दारूच्या गुत्त्यावर होते ना, ती."

आयाचा चेहरा उतरला. "मी कुठे मारलं? त्या माणसाची आई गेली, तो भिंतीवर डोकं आपटायला लागला. मी धरलं त्याला. त्यात औषधांची ट्रॉली कलंडली. आवाज ऐकून साहेब धावत आले."

"धरलं म्हणजे कसं? दाखव."

"तुम्हाला?"

"मग काय त्या कपाटाला?"

आयाने मावशीला दोन्ही हातांनी कवटाळलं, तिचं डोकं आपल्या खांद्यावर दाबलं आणि त्या दिवशीसारखंच म्हणाली, "रड बाबा, रड. तुझंच माणूस होतं ना."

मावशीने सुटायची धडपड केली. मग ती थांबली. मग तिचे खांदे हलायला लागले. मी चहाचे कप घेऊन दारातच उभी राहिले. आत जायचा धीर झाला नाही, आणि खरं सांगते, इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने मावशीने तोंड धुतलं, चष्मा पुसला आणि खुलासा इंग्रजीत लिहून दिला. आयाची नोकरी वाचली. त्या कागदाची प्रत मी पाहिली आहे. आयाच्या अंगठ्याखाली मावशीने स्वतःची सही करून लिहिलं होतं:

"नोटिशीतला शब्द चुकीचा आहे. या बाईने त्याला फक्त जवळ धरलं. मी स्वतः तपासलं आहे."