तिसरीतल्या गौरीचा लातूरचा क्लास

सांगलीहून निघण्याआधीच धाकट्या भावाचा, दिगूचा, फोन आला. "आक्का, येताना गोड काही आणू नको. अन् वाटेत कुणी विचारलं कशाला चालला, तर खरं सांगू नको." मी कंधारला भावाकडे चालले होते, पण त्याच्या आवाजावरून वाटावं, सरहद्दीपलीकडे चालले आहे.

त्याला कारण होतं. दिगूची थोरली मुलगी अनुजा नववीत आहे. गेल्या वर्षी ती महिनाभर तहान-तहान करत होती. घरच्यांना वाटलं, उष्णता. सब्जा घालून तांब्या-तांब्या सरबत पाजलं, आणि एके दिवशी पोर बेशुद्ध पडली. टाइप वन मधुमेह निघाला. तेव्हापासून रोज इन्सुलिन. एका भावंडाला हा आजार असला की दुसऱ्याला होण्याची शक्यता वाढते, म्हणून धाकट्या गौरीचंही रक्त लातूरला तपासून घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. वहिनी रक्त पाहिलं की स्वतःच आडवी होते, म्हणून सोबतीला मी. आणि पोरींची लग्नं व्हायची आहेत, म्हणून सगळं गुपचूप.

कंधारच्या घरात पहिला चहा मिळाला तो बिनसाखरेचा. जेवायला कारलं. दुसऱ्या दिवशीही कारलं. "रिपोर्ट चांगला यावा म्हणून आठ दिवस साखर बंद केलीय," दिगू अभिमानानं म्हणाला. आठ वर्षांच्या गौरीनं मी नेलेलं भडंग असं खाल्लं, की मला पिशवीत लाडू न घातल्याचं वाईट वाटलं.

सकाळच्या एस.टी.त कंडक्टरनं विचारलं, "कुठं निघाले, मालक?"

"लातूरला. क्लास बघायला." दिगूनं पाठ केलेलं उत्तर दिलं. लातूरला जायला एवढं कारण पुरतं. सगळा मराठवाडा पोरांना घेऊन तिथं क्लास शोधत फिरत असतो.

"या मोठीसाठी का?"

दिगू गडबडला. "न्हाई न्हाई, या बारकीसाठी."

"कितवीला हाय?"

"तिसरीला."

आता गाडी हसणार, म्हणून मी पदर तोंडाला लावला. कंडक्टर मात्र गंभीरपणे म्हणाला, "लई उशीर केला तुम्ही."

मग सल्ल्यांना ऊत आला. मागच्या बाकावरच्या फेटेवाल्या आजोबांनी गणिताला कुठली गल्ली चांगली ते सांगितलं. अहमदपूर येईपर्यंत गाडीनं गौरीला डॉक्टर करून टाकलं होतं, फक्त हृदयाची की हाडांची एवढाच वाद उरला होता. गौरी खिडकीतून सोयाबीनची शेतं बघत होती.

अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा दिगूनं गाडीतच सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा, पोह्यांसारखा झणझणीत पदार्थ) आणली. खाण्याआधी अनुजाला इन्सुलिन घ्यायचं होतं. दिगूनं तिच्यापुढं अख्खं वर्तमानपत्र उघडून धरलं, तेही उलटं. कंडक्टर डोकावला. "काय झालं पोरीला?"

"गाडी लागलीय," दिगू म्हणाला.

झालं! कुणी लिंबू दिलं, कुणी आवळा सुपारी, आजोबांनी कांदा फोडून नाकाशी धरला. इन्सुलिन घेऊन ठणठणीत बसलेल्या अनुजाला उरलेला सगळा प्रवास कांदा हुंगत करावा लागला.

लातूरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई हसऱ्या होत्या. साखरबंदीची हकिकत ऐकून म्हणाल्या, "दादा, ही परीक्षा अभ्यास करून पास व्हायची नाही. खाण्याचा इथं संबंध नाही. शरीराचे राखणदारच कधीकधी इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उठतात. त्याच्या खुणा रक्तात आजाराच्या कितीतरी आधी दिसतात. दिसल्या तर आपण सावध राहायचं. आजार लांबवणारं औषधही निघालंय, पण आपल्याकडे अजून सहज मिळत नाही."

सुई बघून गौरी माझ्या पदराआड झाली. अनुजानं तिचा हात धरला. "मी रोज चारदा टोचते. तू एकदाच." गौरीनं विचारलं, "मला झालं तर तुझा इन्सुलिनचा डबा वापरू देशील?" मला तिथं उभं राहवेना. मी पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर आले.

रिपोर्ट आठ दिवसांनी येणार होता. दिगूनं दाराबाहेर पडताच दोघींना पेढा घेऊन दिला; अनुजाच्या डोसचा हिशेब तिचा तिनंच केला.

परतीला तीच गाडी, तोच कंडक्टर. "मग, भेटला का क्लास?"

दिगू काही रचायच्या आत गौरी म्हणाली, "क्लास नव्हता, काका. ताईला शुगर आहे. मला होणार का, ते बघायला रक्त दिलं."

दिगूनं मान खाली घातली. कंडक्टर तिकिटं फाडायची सोडून समोरच्या बाकावर बसला. "हिला? एवढ्या पोरीला शुगर? कसं कळलं?"

"लई तहान लागायची," अनुजा म्हणाली. "सारखं लघवीला जायचे. वाळून गेले होते. मग उलट्या झाल्या अन् पडलेच."

"आमची पोरगी बी लई पाणी पिऊन राहिली," तो हळूच म्हणाला. "उशाशी तांब्या घेऊन निजती. आम्ही म्हणलं, उष्णता हाय. काल उलटी झाली तिला."

त्यानं बायकोला फोन लावला, पण शब्द फुटेना. तेव्हा वर्षभर तोंड लपवणाऱ्या माझ्या भावानं फोन त्याच्या हातातून घेतला आणि भरल्या गाडीत ओरडून सांगितलं, "वैनी, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. शुगर तपासा म्हणा. माझ्या पोरीला हाय, मला ठावं हाय!"

मला त्या क्षणी दिगूचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा कधीच वाटला नव्हता.

सांगलीला परतल्यावर आठ दिवसांनी त्याचा फोन आला. कंडक्टरची मुलगी वेळेत पोचली होती. इन्सुलिन सुरू झालं, बरी आहे. "अन् गौरी?" मी विचारलं. तो म्हणाला, "खुणा हायेत, आक्का. आजार न्हाई अजून. दर काही महिन्यांनी दाखवायचंय."

मला रडू आलं. पलीकडून गौरीचा आवाज आला, "म्हणजे मी पास का नापास?"

अनुजा तिला सांगत होती, "नापास कशाची? माझा पेपर एकदम समोर आला होता, वेडे. तुझा आधीच फुटलाय."