चांदीचे डोळे

काचबिंदूने माझी नजर कडेकडेने खात आणली होती. नाशिकच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, गेलेली परत येत नाही, उरलेली किती टिकेल तेही सांगता येत नाही. नव्वदच्या दशकातली ती शेवटची वर्षं. तेव्हापासून ह्यांनी नवंच खूळ काढलं. दर रविवारी स्कूटर काढायची आणि मला डोंगर दाखवायला न्यायचं. कधी घोटीकडची भातखाचरं, कधी त्र्यंबकचा ब्रह्मगिरी. "बघून घे गं, नीट बघून घे," असं हे म्हणायचे. मरणाऱ्याला आवडीचं खाऊ घालतात ना, तसं ते वाटायचं. तो हिरवागार डोंगर समोर असला तरी मनात एकच यायचं, हेही आता जाणार.

सासूबाईंनी अंजनेरीच्या अंजनीमातेला नवस बोलला होता. सुनेची नजर राहिली तर चांदीचे डोळे वाहीन. विश्वास एवढा, की सराफाकडून डोळे आधीच आणून देव्हाऱ्यात ठेवले. रोज पूजा करताना ते दोन डोळे टकामका माझ्याकडे बघायचे, आणि माझी नजर मात्र कमीच होत चालली होती. देव नाही असं मला कधी वाटलं नाही. देव आहे आणि तो माझ्याकडे बघत नाही, असं वाटायचं. ते फार वाईट होतं.

भाद्रपदात एका रविवारी अंजनेरीला जायचं ठरलं, तेव्हा ते डोळे मी गुपचूप पर्समध्ये टाकले. वरच्या तळ्यात फेकून द्यायचे, म्हणजे ही रोजची आशा तरी संपेल. पायऱ्या चढून पठारावर आलो तर सगळीकडे पिवळी सोनकी फुललेली. देवळात येताना जाऊ, असं म्हणून मी ह्यांना पुढे तळ्याकडे काढलं. तळं यायच्या आतच धुकं उतरलं, आणि इतकं दाट, की ह्यांनाही स्वतःचे बूट दिसेनात.

"माझा हात धर, मला वाट पाठ आहे," हे म्हणाले. चालून चालून आम्ही पुन्हा त्याच खडकाशी आलो. मग हे मटकन खाली बसले. डॉक्टरांसमोरही डोळ्यांत टिपूस न आणलेला माणूस हुंदके देऊन रडायला लागला. "मला काहीच दिसत नाही गं. तू अशी कशी जगणार?" एवढंच परत परत म्हणत होते. मी त्यांना जवळ घेतलं आणि मनात म्हटलं, आई, डोळे नको देऊस, पण ह्यांना इथून सोडव.

थोड्या वेळाने धुक्यातून एका बाईचा खणखणीत आवाज आला. "कोन हाय तिकडं? हालू नका, म्होरं कडा हाय!"

"वाट दिसत नाय हो," हे ओरडले.

"दिसाया कशाला पायजे? माझ्या हाळीवर या."

ती पुढे चालत लांब हाळी द्यायची, आम्ही ओ द्यायचो आणि आवाजाच्या रोखाने पाऊल टाकायचो. हे अडखळत होते, मी मात्र कुठेच अडखळले नाही. पायाला देवळाची पायरी लागली तेव्हा ती म्हणाली, "आलं देऊळ. मी जाते, म्हस ऱ्हायली वर." तिचा चेहरा आम्हाला दिसलाच नाही. म्हैस शोधायला आलेली कुणी बाई असेल, असं हे म्हणतात. मी कधी वाद घातला नाही.

ते डोळे मी अंजनीमातेच्या पायाशी ठेवले. घरी सासूबाई चिडल्या. "अगं, नवस फळल्याशिवाय कुणी फेडतं का?" मी म्हटलं, "फेडला नाही आई, डोळे तिच्याजवळ सांभाळायला दिले."

नजर पुढे पूर्ण गेली. अंधाराची भीती गेली असं सांगितलं तर खोटं होईल. अजून कधी कधी सकाळी उठल्या उठल्या रडू येतं. ही गोष्ट मी सांगते आहे आणि हे लिहून घेत आहेत. रविवारी आमची स्कूटर अजून निघते. आता हे "बघून घे" म्हणत नाहीत. डोंगरावर पोचलो की चार पावलं पुढे जाऊन मला हाळी देतात, आणि मी ओ देऊन चालायला लागते.