गुटीचं नाणं

रेवदंड्याच्या कोकिळाबाईंना कुणी काही सांगावं, त्यांनी मान डोलवावी आणि मग मनात असेल तेच करावं, ही त्यांची जन्माची रीत. पण या वेळी आपण दुकानदाराचा शब्द अन् शब्द पाळला, असं त्या छातीठोकपणे सांगत होत्या. आता काय म्हणावं या बाईला!

घरात एक सोन्याचं नाणं होतं. एका अंगाला क्रूस, दुसऱ्या अंगाला पुसट अक्षरं. फिरंग्यांच्या काळातलं असेल, असं लोक म्हणत. घरच्यांना त्याचं काही नव्हतं. त्यांच्या लेखी ते गुटीचं नाणं. मूल जन्मलं की सहाणेवर वेखंड, हळकुंड, खारीक उगाळायची आणि शेवटी नाण्याच्या कडेचे दोन वेढे द्यायचे. तेवढं सोनं पोटात गेलं की पोर धडधाकट होतं. कोकिळाबाईंचे सासरे, नवरा, मुलगा अजित, सगळे त्याच सोन्यावर वाढले. अजितनंतर मात्र नाणं डब्यातच पडून राहिलं, कारण अजितच्या बायकोला, पूनमला, मूल होत नव्हतं.

पूनम तळा गावची, शाळेत शिकवायची. सुया टोचून टोचून तिच्या पोटावर जागा उरली नव्हती. दोनदा उपचार फसले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणखी एकदा करून बघू. त्यापुढे मी तुम्हाला आशा लावणार नाही." पूनमचे दागिने तर आधीच गेले होते. राहिलं होतं हे नाणं.

सासू-सुना अलिबागला जुन्या नाण्यांच्या व्यापाऱ्याकडे गेल्या. चिरागभाईंनी भिंग लावून नाणं उलटंपालटं केलं.

"मावशी, वजनावर विकाल तर उपचाराच्या पासंगाला पण नाय पुरायचं. ग्रेडिंगला पाठवू. तिथं खरं-खोटं तपासतात, नाणं किती चांगलं त्याचा नंबर देतात. नंबर चांगला आला तर शौकीन लोक उड्या टाकतील."

"आणि ही कड झिजलीय ती?" पूनमने धास्तावून विचारलं.

"जुनी झीज आहे, गुळगुळीत. चालून जाईल." त्यांनी एक तपासून आलेलं नाणं दाखवलं. प्लास्टिकच्या पारदर्शक डबीत ते कायमचं बंद होतं. "असं येतं. डबी फोडली की नंबर गेला."

कोकिळाबाईंनी डबीवरून बोट फिरवलं. नाणं दिसत होतं, हाताला लागत नव्हतं.

"मग वेढे कसे द्यायचे?"

"आई," पूनम हळूच म्हणाली, "आधी बाळ तर येऊ दे."

विकलं तर नातवाला सोनं नाही, न विकलं तर नातूच नाही. "मला एक दिस द्या," कोकिळाबाई म्हणाल्या. "उद्या आणते."

"आणा. पण धुवू नका, पुसू नका. आहे तसं आणा."

दुसऱ्या दिवशी सकाळी पूनम शाळेत गेली आणि कोकिळाबाईंनी सहाण काढली. नाणं धुतलं नाही, रिठा लावला नाही. सहाणेवर मधाचा थेंब घेतला आणि नाण्याची कड धरून उगाळू लागल्या. एवढ्या पोरांनी चाटलं, तेव्हा कुठं काय बिघडलं? मूल आल्यावर हात चोळत बसण्यापेक्षा त्याच्या वाटणीचं आत्ताच काढून ठेवलेलं बरं. त्यांनी तो मध बोटाने निपटून अत्तराच्या रिकाम्या बाटलीत भरला आणि बाटली देवापुढे ठेवली. मनावरचं ओझं उतरलं त्यांच्या.

संध्याकाळी दोघी पुन्हा दुकानात आल्या. चिरागभाईंनी भिंग लावून नाण्याची कड दोनदा फिरवून बघितली.

"मावशी, हे काय केलं?"

"काय न्हाय केलं! रिठा न्हाय, फडकं न्हाय."

"ही कड आत्ता घासलीय. आता नंबरच देणार नाहीत. कड घासलेली, असं लिहून परत पाठवतील." त्यांनी नाणं कागदावर ठेवून पूनमकडे सरकवलं. "आता हे नुसतं सोनं, बेन."

रिक्षात पूनम तोंड फिरवून बाहेर बघत बसली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, असं कोकिळाबाईंना झालं. घरी आल्या आल्या त्यांनी देवापुढची बाटली आणून सुनेच्या हातात दिली आणि भिंतीला टेकून खाली बसल्या. पूनमने बाटली उजेडात धरली. मधात सोन्याची बारीक कणी चमकत होती.

"दोनच वेढे देतात ना, आई? मग कड इतकी कशी घासली गेली?"

कोकिळाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"डॉक्टरीण म्हनली व्हती ना, या उपचारात जुळी बी होतात. एकाला दिलं नि एकाला न्हाय, असं कसं करू गं बाय?"

दवाखान्यात कधी न रडलेली पूनम सासूच्या मांडीवर डोकं ठेवून हंबरडा फोडून रडली. बाटली तिने मुठीतून सोडली नाही.