तांडेलकाका आणि साहेबाचा कागद

ब्रिटिश साम्राज्याशी अखेरच्या श्वासापर्यंत लढलेला माणूस विक्रोळीला, आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहत होता. साम्राज्य त्यांच्या जन्माआधीच निघून गेलं होतं, पण त्याने तांडेलकाकांना काही फरक पडला नाही.

तांडेल म्हणजे बोटीवरच्या खलाशांचा मुकादम. तांडेल होता तो काकांचा बाप. काका स्वतः कारखान्यात लेथवर होते. आयुष्यात एकदाच बोटीत बसले, घारापुरीला जाताना, आणि त्यांना ओकाऱ्या झाल्या. समुद्राकडून त्यांना वारशात मिळालं ते एकच वाक्य : "वाचून दाखवा." पेस्ट कंट्रोलच्या नोटिशीपासून लग्नाच्या पत्रिकेपर्यंत कुठलाही कागद आला की ते चष्मा काढून ठेवत आणि आणणाऱ्याला हे सांगत. वाचता त्यांना उत्तम येत असे.

त्यामागची गोष्ट आम्हाला पाठ होती. बाप कोकणच्या आगबोटीवर होता. बंदर गाठलं की लगेच परतीची खेप. दोन खेपांमध्ये एक रात्र जमिनीवर झोपू द्या, एवढीच खलाशांची मागणी होती. कंपनी नाही म्हणाली, संप झाला. खलाशांच्या झोपेची काळजी सरकारला नव्हती. पण सरकारी डाक अडकली तेव्हा सरकारला न्यायाची आठवण झाली. एक गोरा साहेब टेबल-खुर्चीसकट धक्क्यावर आला. दुभाष्याचं ऐकून त्याने मान डोलावली, बापाशी हात मिळवला आणि इंग्रजी कागदावर सगळ्यांचे अंगठे घेतले. त्या कागदात होतं की खलाशी ताबडतोब कामावर येतील आणि मागणीचा विचार करण्यात येईल. खलाशी ताबडतोब आले. विचार अजून चालू असावा. पुढच्या खेपेच्या यादीत बापाचं नाव नव्हतं.

"बापाशीन न वाचता अंगठो दिल्यान," काका सांगत. "बोट गेली, तो धक्क्यार रवलो."

पुढे आमची इमारत रिडेव्हलपमेंटला निघाली. सभेला बिल्डर स्वतः आला, पेढे आणि शाली घेऊन. ज्येष्ठांचे सत्कार झाले, माझ्यासकट सगळ्यांनी पेनं काढली. खांद्यावर शाल घेतलेले काका म्हणाले, "वाचून दाखवा." बिल्डरचा वकील समजुतीने म्हणाला, काका, नेहमीचंच ॲग्रीमेंट आहे, चाळीस पानं आहेत. काकांनी सांगितलं, "माका घाई नाय."

शेजारच्या वहिनी वैतागल्या. "काका, तुमच्यापायी आमची घरं अडणार आता."

"घरासाठीच अडवतंय गो."

वाचन दोन संध्याकाळी चाललं. पेढे पहिल्याच संध्याकाळी संपले. एकतिसाव्या पानावर वकील वाचत होता की जुन्या सभासदांना नव्या इमारतीत घर देण्याचा विचार करण्यात येईल.

"थांबा," काका म्हणाले. "ह्यां परत वाचा."

त्याने वाचलं, जरा हळू आवाजात.

काकांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "साहेब हयच बसलो हा."

वहिनींनी पेन पर्समध्ये ठेवलं. 'घर देण्यात येईल' असा बदल होऊन आल्यावरच, आणि तोही वाचून घेतल्यावर, काकांनी सही केली.

इमारत झाली. काका दुसऱ्या मजल्यावर परत आले, आठ महिने राहिले आणि एका दुपारी झोपेतच गेले.

शोकसभेत सेक्रेटरीने ठरावाचा कागद नुसता सह्यांसाठी फिरवला. मागून वहिनी म्हणाल्या, "वाचून दाखव रे." त्याने वाचला. ठरावात काकांचं नाव बरोबर होतं. घर मात्र ए विंगमधलं, २०३ नंबरचं लिहिलं होतं. काका बी विंगचे. ए विंगच्या २०३ मधले गृहस्थ पहिल्या रांगेत बसले होते.

शोकठराव दुरुस्तीसाठी पुढच्या सभेपर्यंत तहकूब करण्यात आला.