न उचललेला तुकडा

आठवडाभर डेल्मर सोरेन्सन लोकांच्या तुंबलेल्या मोऱ्या मोकळ्या करायचा आणि रविवारी, विद्यार्थ्यांच्या चर्चचा बिनपगारी बिशप म्हणून, त्यांची मनं. दोन्हींतलं घरी एक अक्षर बोलायचा नाही.

त्याची बायको व्हर्ला चर्चच्याच विद्यापीठाच्या फुटबॉलची वेडी. तिथल्या पोरांना कॉफी चालत नाही, दाढी चालत नाही, लग्नाआधी कुणाच्या खोलीत जाणं तर नाहीच. पण शनिवारी जिंकलं पाहिजे. व्हर्लाला यात काही अवघड वाटत नसे.

त्या रविवारी प्रार्थनेत प्रसादाच्या पावाचं ताट ओळीतून फिरत आलं. संघातला सगळ्यात भरवशाचा खेळाडू हायरम. त्याने तुकडा न उचलताच ताट पुढे दिलं. मनावर पाप असलं की बिशप मोकळं करेपर्यंत तो तुकडा घ्यायचा नसतो, हे व्हर्लाला ठाऊक होतं. म्हणजे याने बिशपपाशी काहीतरी कबूल केलं होतं. बिशपचा होकार गेला की विद्यापीठ मैदानात उतरू देत नाही, आणि येत्या शनिवारी वर्षातला मोठा सामना.

संध्याकाळी शेजारचा एल्डन दारात उभा.

"बिशप, हायरमचं जे काय असेल ते शनिवारनंतर बघ की. देवाला घाई नाही."

"तुझं न्हाणीघर अजून गळतंय का?"

"विषय बदलू नकोस."

"गळत असेल तर मंगळवारी येतो."

जेवताना व्हर्लाने विचारलं, "एवढं तरी सांग, खेळणार ना तो?"

"बटाटे वाढ," डेल्मर म्हणाला.

तिने डाव ताटात आपटला. आठवडाभर ती धुमसत राहिली. एकदा भांडी घासताना पुटपुटली, "मेल्या हायरमला चार दिवस तोंड बंद ठेवता येत नव्हतं?" आणि स्वतःचंच बोलणं ऐकून हात थांबला.

शनिवारी हायरम खेळला नाही. संघ हरला.

रविवारी तो आला, तर त्याच्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या. व्हर्ला उठून त्याच्याशेजारी गेली.

"सिस्टर सोरेन्सन, लोक बघतायत."

"बघू देत. सरक."

ताट आलं. त्याने तुकडा न घेता तिच्याकडे दिलं. तिने तुकड्यांकडे पाहिलं आणि तसंच पुढे सरकवलं.

"तुम्ही का?" तो कुजबुजला.

"माझंही बिशपशी बोलायचं राहिलंय. जेवायला ये आज."

व्यासपीठावरून डेल्मर टक लावून बघत होता. आता घरी गेल्यावर त्याने काही विचारलंच, तर ती एवढंच म्हणणार होती, "बटाटे वाढ."